रामटेके काकूंच्या गोळ्या

माझी नोकरी नेमकी कसली होती, हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही आजवर नीट सांगता आलेलं नाही. पुण्याला तिच्याकडे गेले आणि कुणी पाहुणे आले की ती कौतुकानं म्हणते, "ही दिल्लीला मोठ्या हॉस्पिटलात होती." समोरचे विचारतात, "डॉक्टर?" नाही. "मग नर्स?" नाही. "ऑफिसात असतील." तेही नाही. शेवटी बहीण वैतागते आणि सांगून टाकते, "अहो, ती पेशंटांवर नवीन औषधांचे प्रयोग करायची." त्यावर माणसं अशी बघतात, जणू मी त्यांच्या चहात काहीतरी टाकलंय. एका आजींनी तर कप खरोखरच बाजूला सरकवला.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी यंदा मला गाठलं. "कामावर काहीतरी लिहा." मी म्हटलं, अहो, माझा सगळा जन्म फोन करण्यात आणि गोळ्या मोजण्यात गेला, त्यात वाचण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, तेच लिहा. तर लिहिते. बरेच किस्से आहेत, पण खरं सांगायचं तर मनात एकच आहे आणि बाकीचे त्याच्या आडोशानं येतील. नावं अर्थातच बदलली आहेत.

मी स्टडी कोऑर्डिनेटर होते. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांवरचं नवीन औषध दुकानात येण्याआधी ते खऱ्या आजारी माणसांवर तपासून बघावं लागतं. ते बघण्याचं शास्त्र डॉक्टरांचं. माणूस सांभाळायचं काम माझं. तो ठरल्या दिवशी येतो का, उपाशीपोटी आलाय की बाहेर छोले-भटूरे हाणून आलाय, गोळी रोज खातो का, मध्येच गावी निघून गेला तर कुठे आहे, आणि कसंतरीच वाटतं लिहायला, पण आहे की गेला. हे सगळं बघायला एक माणूस लागतं, ती मी.

आता यातली मुख्य गंमत समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. अशा स्टडीत माणसांचे दोन गट करतात. दोन्ही गटांची नेहमीची औषधं चालूच राहतात, ती कुणी बंद करत नाही. वर एक जादा गोळी असते. एका गटाला तीत नवीन औषध मिळतं. दुसऱ्या गटाला दिसायला, चवीला अगदी तशीच गोळी मिळते, फक्त आत औषध नसतं. दिल्लीचे लोक तिला 'नकली वाली' म्हणायचे, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. कुणाला असली आणि कुणाला नकली, हे कुठेतरी दूर बसलेला एक कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. पेशंटला ते कळत नाही, डॉक्टरला कळत नाही, मलाही नाही. डबीवर औषधाचं नावच नसतं, नुसते आकडे. कारण माणसाचं मन मोठं लबाड असतं. असली मिळाली म्हटलं की उगाच बरं वाटायला लागतं आणि नकली म्हटलं की छातीत कळ यायला लागते.

हे दिल्लीत पटवून देणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. या शहरात शाळेच्या ॲडमिशनपासून रेल्वेच्या बर्थपर्यंत प्रत्येक गोष्टीला वरून फोन येतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. एक साहेब, कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले, माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मैडम, मुझे असली वाली दिलवा दीजिए. ऊपर से फोन करवा दूँ?" मी म्हटलं, "किसको करवाएँगे, सर? सब कॉम्प्युटर तय करता है." त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "अच्छा, कॉम्प्युटर किसके अंडर आता है?"

हसू यायचं, पण ते वरवरचं. फोनचं काम मात्र जीव काढायचं. दर थोड्या महिन्यांनी प्रत्येक पेशंटला विचारायचं, कसे आहात. "अंकलजी कैसे हैं?" म्हटलं आणि पलीकडून लगेच आवाज आला नाही, नुसता श्वास ऐकू आला, की मला कळायचं. मग सांत्वनाचे दोन शब्द बोलायचे आणि लगेच त्याच दमात विचारायचं, कधी झालं, कसं झालं, आधी छातीत दुखलं होतं का, कागद मिळतील का. दिल्लीत मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत राहत होते तेव्हापासून हे करत आले, पण सवय झाली नाही. कोडगी झाले असते तर बरं झालं असतं.

रामटेके पतिपत्नी मला भेटले ते आमच्या ओपीडीबाहेरच्या गर्दीत. पंजाबी, हरियाणवी गलक्यात एकदम मराठी कानावर आलं, "तुम्ही बसा ना जी. मी उभी राहते. मला काय झालंय?" मागे वळून पाहिलं तर एक ठेंगणीशी बाई नवऱ्याला खांद्याला धरून बाकावर बसवत होती. नंतर बघितलं तर तिच्याही हृदयाच्या रक्तवाहिन्यांत स्टेंट घातलेले होते आणि तिची फाईल काही पातळ नव्हती. पण 'मला काय झालंय' हे तिचं पालुपद.

काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरकडचे. मयूर विहारच्या एका सोसायटीत दोघं राहायची, एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला. मी मराठीत बोलले तशी काकूंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "अरे बाप्पा, तू आपली आहेस? मग झालं तर. यांना घे तुझ्या त्या औषधात."

यांनाच घ्यायचं म्हणून ती आली होती. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या एका नवीन गोळीची स्टडी तेव्हा चालू होती आणि डॉक्टरांच्या बोलण्यात तिनं ते ऐकलं होतं. काकांची बायपास झालेली, हृदय थकलेलं, चार पावलं चालले की दम लागायचा. पण त्यांच्या किडन्या चांगल्या नव्हत्या आणि अशा माणसाला घ्यायचं नाही असा नियम होता. नवीन औषध किडनीला सोसेल की नाही, याची तेव्हा खात्री नव्हती. मी नाही म्हटल्यावर काकू हट्टाला पेटल्या.

"किडनीला काय झालंय? लघवीला तर नीट होते."

"काकू, रक्तात दिसतं ते."

"थोडी खराब असेल. तू लिहू नको ना."

"नोकरी जाईल माझी."

काका बिचारे संकोचून म्हणत होते, "माला, जाऊ दे. नियम आहे तो." माला म्हणजे काकूच, त्यांचं नाव मालती. आणि डॉक्टर कागद चाळताना सहज म्हणाले की या बाई मात्र नियमात बसतात, यांना विचारा. विचारलं. एव्हाना बाहेर बाकावर जाऊन बसलेल्या नवऱ्याकडे काकू बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. मला घे."

सही घेण्याआधी सगळं समजावून सांगावं लागतं, समजलं की नाही हे उलट विचारावं लागतं. मी काकूंना असली-नकली, चिठ्ठी, सगळं सांगितलं. त्यांना एका झटक्यात कळलं. शिकलेल्या होत्या, पहाडगंजच्या मराठी शाळेत काही वर्षं शिकवलंही होतं. "म्हणजे असली निघायची शक्यता अर्धी," त्या म्हणाल्या. "अर्धी तरी आहे. अर्धी काय कमी असते?" मी मनात म्हटलं, काय समजूतदार बाई आहे. पेशंट असावा तर असा.

आणि पेशंट म्हणून त्या खरोखरच तशा होत्या. मेट्रोनं यायच्या, काका बरोबर असायचेच. ते बाहेर पेपर वाचत बसायचे, त्या आत येऊन हात पुढे करायच्या, रक्त द्यायच्या, तक्रार नाही. मग पिशवीतून डबी काढायच्या. उरलेल्या गोळ्या मी मोजायच्या, हा आमचा रिवाज. किती दिल्या आणि किती उरल्या, यावरून माणूस गोळी खातो की नाही ते कळतं. आता तुम्हाला सांगते, कुणाचीही मोजणी बरोबर येत नाही. लग्नकार्य येतं, प्रवास येतो, कंटाळा येतो, गोळ्या शिल्लक राहतात. एक ताऊजी हॉस्पिटलच्या दारात उरलेल्या गोळ्या कुंडीत टाकून यायचे आणि मला सांगायचे, सब खा ली. त्या कुंडीतल्या तुळशीचं कोलेस्टेरॉल एकदम उत्तम असणार.

रामटेके काकूंची मोजणी मात्र दर वेळी बरोब्बर. मी दुसऱ्या पेशंटांना त्यांचं उदाहरण द्यायचे. एकदा चेष्टेनं म्हटलंसुद्धा, "काकू, एखादी तरी विसरत जा हो. नाहीतर वरच्यांना वाटेल, मीच बसून जुळवते."

त्या हसल्या. "गोळी कशी विसरेन बाई? सकाळचा चहा झाला की पहिलं काम तेच."

तपासणी झाली की थोडा वेळ गप्पा. माझी चौकशी, मुलीच्या तक्रारी, दिल्लीत आंबाडीची भाजी मिळत नाही याचं दुःख. आणि मग काकांचं कौतुक. "यांचा दम हल्ली कमी झालाय गं. परवा पार्काला चक्कर मारून आले. चेहऱ्यावर तेज आलंय की नाही, तूच सांग." मी काचेतून बाहेर बघायचे आणि म्हणायचे, आलंय. खरंच थोडं आलं होतं. काकू मात्र दमलेल्या दिसायच्या. डोळ्यांखाली काळं, चार वाक्यं बोलल्या की थांबायच्या. डॉक्टरांनी त्यांची नेहमीची औषधं एकदा वाढवली. मी म्हटलं, स्वतःकडेही बघा. त्यावर ठरलेलं उत्तर, "मला काय झालंय?"

त्या थंडीत मी फोन केला तेव्हा काकांनी उचलला. मी नेहमीसारखं विचारलं, काकू आहेत का? पलीकडून नुसता श्वास. मग म्हणाले, "नाही जी. काकू आता नाहीत." सकाळी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या, तिथेच खाली बसल्या आणि गेल्या. शेजाऱ्यांनी गाडी काढेपर्यंत सगळं संपलं होतं. पण प्रश्न विचारायचेच होते, ते मी विचारले आणि त्यांनी एकेका प्रश्नाचं उत्तर नीट, क्रमानं दिलं, सरकारी पत्राला द्यावं तसं. फोन ठेवल्यावर मी खोलीचं दार लावून रडले.

रविवारी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाच्या मूर्तीशेजारी काकूंचा, मेणबत्ती लावलेली. मुलगी नागपूरहून आलेली होती, तिनं चहा दिला. नियमाप्रमाणे काकूंची उरलेली डबी मी मागून घ्यायला हवी होती. मेलेल्या बाईच्या घरात बसून गोळ्या कशा मागायच्या? म्हटलं, पुढे कधीतरी घेऊ. निघताना काका जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "सगळं तीच बघायची. मला माझी औषधंसुद्धा माहीत नाहीत." मी म्हटलं, सावकाश कळेल.

मुलगी परत गेली, थंडी ओसरली, आणि एक दिवस काका एकटेच माझ्या खोलीत आले. पिशवीतून त्यांनी गोळ्यांचा वारांचे कप्पे असलेला प्लॅस्टिकचा डबा काढला, डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि शेवटी आमची पांढरी डबी काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं, परत करायला आणली. भला माणूस, न मागता आठवण ठेवली. मी थँक यू म्हणणार इतक्यात तेच म्हणाले, "मॅडम, बाकीच्या सगळ्या चिठ्ठीशी जुळवल्या. ही एक जुळत नाही. आणि संपत आलीय. मयूर विहारच्या सगळ्या केमिस्टना विचारलं, कुणालाच ओळखता येत नाही. कुठे मिळेल?"

"काका, ही तुमची नाही. ही काकूंची, स्टडीची."

"नाही हो." ते मलाच समजावायला लागले. "ही माझी सकाळची. पांढरी, लांबट. चहा झाला की ती हातावर ठेवायची. पहिली हीच, मग बाकीच्या. वर्ष झालं असेल. ती गेल्यावर कपाटात डबी सापडली म्हणून बरं, तीच घेतोय."

मला कळलं. त्यांना कळलेलं नव्हतं. ते आपले सांगतच होते की ही गोळी मोठी गुणाची आहे, ही सुरू झाल्यापासून दम कमी झाला, मालती पण तसंच म्हणायची. मग माझ्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी डबी उचलली, तिच्यावरचे आकडे वाचले, पुन्हा खाली ठेवली.

"मग ती कुठली खात होती?" त्यांनी विचारलं.

सकाळचा चहा झाला की पहिलं काम तेच, असं त्या मला सांगायच्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मी त्यांना तसंच डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी डोक्याला हात लावला, मग काकांच्या किडन्या तपासल्या. नशिबानं त्या होत्या तशाच होत्या. उरलेल्या गोळ्या जमा केल्या, झालं ते वर कळवलं. वरून प्रश्न आले, केव्हापासून, किती, का. 'का' या प्रश्नाला मी लिहिलं की नवऱ्याला घेता आलं नाही म्हणून बायकोनं दिल्या. याहून जास्त लिहायला जागा नव्हती.

काकांचा प्रश्न मात्र एकच होता. असली होती की नकली?

मी सांगितलं, स्टडी संपेपर्यंत ते उघडत नाही. जिवावर बेतलं तरच मध्ये उघडतात, आणि आता तसं काही उरलं नव्हतं. ते मान हलवत म्हणाले, "समजतो. मी पण सीलबंद टेंडरं सांभाळलीत. वेळ व्हायची तेव्हाच उघडायची." आणि मग म्हणाले, "पण मॅडम, नकली असेल तर मी सुटलो. असली असेल तर तिच्या वाटणीचं आयुष्य मी खाल्लं. एवढंच मला कळायला पाहिजे."

मी म्हटलं, असा विचार करू नका. कोणीही हेच म्हणतं आणि कुणालाही त्याचा उपयोग होत नाही.

त्यानंतर ते येत राहिले. त्यांना यायचं काही कारण नव्हतं. त्याच बाकावर पेपर घेऊन बसायचे. मला वेळ मिळाला की मी त्यांना आत बोलवायचे, चहा द्यायचे. "उघडलं का?" "नाही काका, अजून वेळ आहे." "बिल्कुल, बिल्कुल. घाई नाही." कधी काकूंविषयी बोलायचे. लग्नानंतर दिल्लीत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात ती रडायची, एवढी थंडी असते म्हणून कुणी सांगितलंच नाही म्हणायची. मुलीच्या तापात रात्र रात्र बसायची. "ती मला विचारायचीच नाही हो कधी. ठरवायची आणि करून टाकायची," ते म्हणायचे. त्यांच्या आवाजात कौतुक असायचं आणि रागही असायचा. एकदा तर चिडून म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी थुंकून दिली असती ती गोळी. म्हणूनच विचारलं नाही."

मलाही तिचा राग यायचा. कुणाला सांगू? आमच्या अख्ख्या कामाचा पाया म्हणजे ज्याची गोळी त्यानं खायची. ती बाई माझ्यासमोर हसत बसायची आणि तिनं तो पायाच उखडून टाकला होता. पण तो राग टिकायचा नाही. नवऱ्याला बाकावर बसवून स्वतः उभी राहणारी बाई, अर्ध्या शक्यतेचं औषध हाती लागल्यावर दुसरं काय करणार होती? मी फारशी देवदेव करणारी नाही, पण तेवढ्या काळात रोज मनात म्हणायचे, नकली असू दे. या माणसापुरती तरी नकली असू दे.

स्टडी संपली तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. निकाल आला. नवीन औषधानं फायदा होतो, फार मोठा नाही पण होतो, असं निघालं. डॉक्टरांच्या खोलीत पेढे वाटले. मग काही दिवसांनी प्रत्येक पेशंटला काय मिळालं होतं तेही आलं. मी काकूंचा नंबर शोधला. असली.

डॉक्टर म्हणाले, तुम्हाला जड जात असेल तर मी सांगतो. मी म्हटलं, नको, हे मराठीतच सांगायला पाहिजे.

काका आले. खोलीत बसायला रक्त घ्यायची रुंद हातांची खुर्ची तेवढी रिकामी होती, तिच्यात बसले. मी घोळवत बसले नाही. "असली होती, काका."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तिनं खाल्ली असती तर जगली असती?"

"नाही सांगता येत." हे उत्तर मी आयुष्यभर लोकांना दिलं आणि इतकं नकोसं कधीच वाटलं नाही. "हजारो माणसांत मिळून थोडी जास्त वाचली, एवढंच कळतं. त्या थोड्यांत काकू असत्या की नाही, हे जगात कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित गोळी खाऊनही गेल्या असत्या."

"आणि मी तिच्यामुळे वाचलो?"

"तेही सांगता येत नाही."

"मग तुम्हाला सांगता काय येतं, मॅडम?" ते रागानं म्हणाले. लगेच हात जोडले. "माफ करा." मला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं त्यांच्यातला सरकारी अधिकारी जागा झाला. रिपोर्टात मालतीचं काय लिहिलंय, असं विचारलं. मला सांगावंच लागलं. आमच्याकडे नियम असा, की चिठ्ठीत जो गट निघाला त्यातच माणूस मोजायचा, गोळी खाल्लेली असो वा नसो. नाहीतर जो तो आपल्या सोयीनं माणसं इकडची तिकडे करेल आणि निकालावर कुणाचा विश्वास राहणार नाही. नियम चांगला आहे. मी कितीतरी नवीन मुलींना तो शिकवलाय.

"म्हणजे असली औषध घेऊनही मेली, असं मोजलं?"

"हो."

"पण तिनं घेतलंच नव्हतं."

"हो, काका."

"आणि ज्यानं घेतलं तो मी? मी जिवंत आहे. माझं कुठे मोजलं?"

"तुम्ही स्टडीत नव्हता."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

तिचं मरण औषधाच्या माथी आणि यांचं जगणं कुणाच्याच नावावर नाही. मला ते इतके दिवस माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून एकेक प्रश्न येत गेला तसं मी टेबलावरच्या वस्तू उगाच इकडून तिकडे करत राहिले. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी शर्टाच्या बाहीचं बटण काढलं. बाही कोपराच्या वर गुंडाळली आणि हात खुर्चीच्या रुंद हातावर पालथा न ठेवता उताणा ठेवला, रक्त देताना ठेवतात तसा.

"घ्या," ते म्हणाले. "ते औषध या रक्तात गेलंय. तिच्यात कशाला शोधता? माझं तपासा. मला मोजा. तिनं एवढं केलं ते कुठेतरी लागू दे हो."

मी म्हटलं, काका, स्टडी बंद झाली. आता नंबर नाही, नळी नाही, पाठवायला जागा नाही. औषधही कधीचं निघून गेलं असेल रक्तातून. सगळं खरं तेच सांगितलं. त्यांचं मनगट मी हातात धरलं होतं आणि बोटांखाली त्यांची नाडी चांगली ठणठणीत लागत होती. मला रडू आवरेना.

मी त्यांची बाही खाली केली.

त्यांनी ती पुन्हा वर केली.